माहुलीची सोंड चढण्याआधी

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर तवा जरा बाजूला घ्या, कारण आज मी तुम्हाला घराबाहेर काढणार आहे. तेही बाजाराला नाही, बँकेत नाही, तर डोंगरावर.

पडघ्याहून नाशिकच्या दिशेने हायवेने निघालं की वासिंद मागे पडल्यावर डाव्या हाताला एक लांबलचक डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर उभे सुळके आहेत. नवरा, नवरी, करवली, भटोबा अशी त्यांची नावं. सगळं लग्नाचं वऱ्हाडच जणू उभ्या उभ्या दगड झालेलं. तो माहुलीचा किल्ला. समुद्रसपाटीपासून २८१५ फूट, म्हणजे साधारण ८५८ मीटर. ठाणे जिल्ह्यातल्या उंच गडांपैकी एक. आपण शहापूरला कितीदा जातो, येतो, गाडीच्या खिडकीतून त्याच्याकडे बघतो. पण आमच्या गटातल्या बाराजणींपैकी एकीनेही त्याच्यावर पाय ठेवला नव्हता.

गेल्या वर्षी ठरवलं, जायचंच. आणि गेलो. पण वर पोचलो नाही. मधूनच परत आलो, तेही अंधारात, एका मोबाईलच्या उजेडावर. त्या दिवशी काय चुकलं आणि दुसऱ्या वेळी आम्ही काय वेगळं केलं, ते आज सांगते.

पहिल्या खेपेला काय झालं

आम्हाला वाटलं होतं, यात ठरवायचं काय? आपण काय शहरातल्या बायका आहोत? भात लावणी आपण करतो, मोळ्या आपण आणतो, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढतो. डोंगर आपल्याला काय नवा?

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. पण कोणाचा डबा व्हायचा होता, कोणाचं म्हशीचं दूध काढायचं होतं. सगळ्यांच्या घरचा दुपारचा स्वयंपाक उरकेपर्यंत नऊ वाजले. माहुली गावातून चढायला लागलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि ऊन डोक्यावर येत होतं. पाण्याची एकेक बाटली घेतली होती. त्यातलंही कोणी पीत नव्हतं, का ते पुढे सांगते.

वाट डोंगराच्या सोंडेवरून चढते. आधी रान, मग उघडा चढ, आणि माथ्याजवळ लोखंडी शिडी. शिडीच्या बरंच खाली माझ्या जाऊबाई एका दगडावर बसल्या, त्या उठेचनात. चेहरा पांढरा पडलेला, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ. घड्याळात दोन वाजून गेले होते. काहीजणी म्हणाल्या, "आता एवढं आलो तर वर जाऊनच येऊ, त्या इथे सावलीत बसतील." काहीजणी म्हणाल्या, "त्यांना एकटं कसं ठेवायचं?" यात अर्धा तास गेला. शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमचा दिवस वाया गेला गं."

त्यांच्यामुळे काहीच गेलं नव्हतं. दिवस सकाळी नऊ वाजताच गेला होता, आम्हाला कळलं दोन वाजता.

त्यांना साखर-मीठ-पाणी थोडं थोडं दिलं, धरून धरून खाली आणलं. रानात शिरलो आणि अंधारलं. कोणाला काही झालं नाही हे नशीब. पण नशिबावर बाराजणींना न्यायचं नसतं. गावात आल्यावर चेष्टाही झाली, "गेल्या होत्या गड जिंकायला!"

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही गटाच्या बैठकीत वही उघडली. कर्जाचे हप्ते लिहितो त्याच वहीत डोंगराचं नियोजन लिहिलं.

दिवस कोणता निवडायचा

पावसाळ्यात माहुली हिरवीगार असते, धबधबा वाहतो, म्हणून गर्दीही तेव्हाच होते. पण नवख्यांसाठी तो काळ नव्हे. कातळावर शेवाळ असतं, धुक्यात वाट हरवते, ओढे अचानक भरतात. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट घेऊन येतो. डोंगराच्या धारेवर आपणच सगळ्यात उंच असतो, आणि वीज उंच जागा शोधते. मार्चनंतर ऊन सोसत नाही आणि रानात वणव्याची भीती.

तेव्हा आपल्यासाठी योग्य काळ म्हणजे भाताची झोडणी उरकली की नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. शेतीच्या कामातून हात जरा मोकळे असतात आणि हवाही थंड असते. एक लक्षात ठेवा. याच दिवसांत मार्गशीर्ष येतो, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्यातल्या बऱ्याचजणींचा उपवास असतो. उपवासाच्या दिवशी डोंगर नको. उपवास सोडायचा नाही आणि चढही सोडायचा नाही, असं करून चक्कर येते. वार दुसरा धरा.

जाण्याआधी दोन दिवस हवामान खात्याचा अंदाज बघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, ते आपल्या जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. शेतावर काम करणाऱ्यांच्याही उपयोगाचं आहे, मुलाकडून फोनमध्ये घालून घ्या. धारेवर असताना गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली थांबायचं नाही, शिडीला हात लावायचा नाही, धार सोडून खाली उतरायला लागायचं.

वेळेचं गणित

हे गणित भाताच्या कणग्या मोजण्याइतकंच सोपं आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने १८९२ साली ते मांडलं. माहुलीवरून तानसा तलाव दिसतो ना, त्याचं धरणही १८९२चंच. नेस्मिथचा हिशोब असा: सपाट चालीला दर ५ किलोमीटरला १ तास धरा, आणि जितका चढ असेल त्यापैकी दर २००० फुटांना आणखी १ तास मिळवा.

आता समजा, वाट ४ किलोमीटरची आहे आणि चढ २००० फुटांचा. ४ किलोमीटरला पाऊण तासाहून थोडं जास्त, चढाचा १ तास. झाले पावणेदोन तास आणि वर काही मिनिटं. पण हा हिशोब सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. आपल्या गटात पंचविशीची सून आहे आणि पंचावन्नची सासूही. म्हणून त्यात निम्मा वेळ आणखी घाला. झाले पावणेतीन तास. माहुलीला साधारण इतकाच वेळ लागतो. पाणी, खाणं, फोटो धरून आम्ही तीन तास लिहिले.

उतरायला कमी वेळ लागतो असं वाटतं, पण तसं धरू नका. उतरताना गुडघे थकलेले असतात आणि पायाखालचा मुरूम घसरतो. उतरायलाही तीन तास धरा. लवकर उतरलात तर चहा प्या.

आता उलटं मोजा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराआड गेला की पायथ्याच्या रानात त्याआधीच काळोख दाटतो. म्हणजे चार वाजता आपण गावात हवं. चारातून तीन तास वजा, म्हणजे उशिरात उशिरा एक वाजता परत फिरायला हवं. त्यात अडीअडचणीचा एक तास राखून ठेवा, राहिले बारा. ही झाली परतीची वेळ. बारा वाजले की आपण जिथे असू तिथून परत फिरायचं. शिडीखाली असू तरी, माथा दहा मिनिटांवर असला तरी.

ही वेळ घरी बसून ठरवायची आणि वहीत लिहायची. डोंगरावर ठरवायची नाही. कारण डोंगरावर मन म्हणतं, अजून थोडं, अजून थोडं. लिहिलेली वेळ कोणाच्या भिडेला बळी पडत नाही.

दुसऱ्या वेळी आमचं वेळापत्रक असं होतं: पहाटे साडेपाचला पडघ्याहून गाडी. साडेसहाला माहुली गावात. सातला चढायला सुरुवात. दहाला माथा. बाराला परत. तीनपर्यंत गावात. आणि घरचा स्वयंपाक? तो त्या दिवशी घरच्यांनी करायचा, हे आठ दिवस आधीच सांगून टाकलं होतं. एका घरी वरण करपलं. कोणी उपाशी राहिलं नाही.

गाडी नसेल तर रेल्वेनेही जाता येतं. कल्याण-कसारा मार्गावर वासिंदच्या पुढचं स्टेशन आसनगाव. तिथून माहुली गाव चार-पाच किलोमीटर, रिक्षा मिळते.

पाणी, आणि न बोलली जाणारी गोष्ट

आता जाऊबाईंचं सांगते. खाली आल्यावर त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "सकाळपासून मी पाणीच प्यायले नव्हते. वाटेत लघवीला कुठे जायचं, पुरुष माणसं येत-जात असतात."

मैत्रिणींनो, एकट्या त्यांचंच हे नव्हतं. विचारलं तर बाराजणींतल्या आठजणींनी हेच केलं होतं. एसटीत बसायचं तरी आपण पाणी पीत नाही, गोदामात कामाला गेलं तरी पीत नाही. ती सवय आपण डोंगरावर नेली. तिथे घामावाटे शरीरातलं पाणी जातं, पिऊन ते भरून आलं नाही की डोकं दुखतं, पायात गोळे येतात, चक्कर येते.

उपाय साधा आहे. आधीच ठरवायचं की दर तासाच्या थांब्याला दोघी-दोघी वाटेपासून थोडं बाजूला जातील, एक चादर किंवा ओढणी धरेल. कड्याच्या बाजूला जायचं नाही, एकटीने जायचं नाही. हे आधीच मोठ्याने बोललं की लाज निम्मी होते. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड, जुना कागद आणि पिशवी सोबत घ्या आणि वापरलेलं परत खाली आणा. पाळी आली म्हणून डोंगर चढता येत नाही असं काही नाही. अंगात त्राण आहे का, एवढंच बघा.

पाणी प्रत्येकीने तीन लिटर घ्यायचं. गडावर जुनी टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जायचं नाही. तहान लागण्याची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार घोट घ्यायचे. एका बाटलीत घरची जलसंजीवनी करा: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको.

खायला तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, कोरडी चटणी, उकडलेली रताळी, केळी, गूळ-शेंगदाणे. एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं खायचं.

कोण जाणार, काय घालणार

ज्यांना हृदयाचा त्रास, दमा, वाढलेला रक्तदाब किंवा साखर आहे, त्यांनी आधी आपल्या आरोग्य केंद्रात दाखवून विचारून यावं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी आणि शेजारणीला ते सांगून ठेवावं. गरोदर मैत्रिणीने या खेपेला थांबावं. लपवून कोणी येऊ नये. न येणारीला कमी लेखायचं नाही, तिच्याकडे मोठं काम असतं, ते पुढे सांगते.

आम्ही पंधरा दिवस आधीपासून संध्याकाळी चालायला लागलो. गावामागच्या टेकडीवर, पाठीला पाण्याने भरलेली पिशवी घेऊन. डोक्यावर ओझं घ्यायची आपल्याला सवय आहे, पण कड्याजवळ ओझं पाठीलाच हवं. हात मोकळे राहिले पाहिजेत.

पायात बूट. नवे नकोत, चावतात. मुलाचे शाळेचे किंवा खेळाचे बूट बसत असतील तर तेही चालतील, पण तळ गुळगुळीत झालेला नको. पायाची नखं कापून घ्या, नाहीतर उतरताना पुढे रुततात. सलवार-कमीज सर्वांत बरं. साडीच नेसायची असेल तर काष्टा घाला आणि पदर खोचून घ्या, घोळदार साडी शिडीवर पायात येते. काचेच्या बांगड्या, लोंबणारी माळ, पैंजण घरी ठेवा. अत्तर आणि गजराही नको, उग्र वास आग्या मोहोळाच्या माश्यांना डिवचतो. धूर, आरडाओरड तर अजिबात नको. माश्या उठल्याच तर पदराने तोंड झाकून तिथून लांब जायचं, पण कड्याचं भान ठेवून.

एका पिशवीत सगळ्यांसाठी: दोन बॅटऱ्या, शिट्टी, चिकटपट्टी, स्वच्छ फडकं, रोजच्या गोळ्या, भरलेली पॉवर बँक.

सोंडेवर चालायचं कसं

माहुली गावातला वाटाड्या घ्या. तिथल्या आदिवासी बांधवांना ते रान घराच्या अंगणासारखं ठाऊक आहे, आणि आपली चार पैशांची मजुरी गावातच राहते. हे रान तानसा अभयारण्यातलं, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, जे शुल्क असेल ते भरा.

रांग अशी लावायची: पुढे वाटाड्या, त्याच्या मागे सर्वांत सावकाश चालणारी, आणि सर्वांत शेवटी एक दमदार बाई. तिच्या मागे कोणीही राहायचं नाही. सावकाश चालणारी पुढे असली की सगळ्यांची चाल तिच्या चालीवर बसते. ती मागे राहिली तर धापा टाकत पोचते आणि ती पोचली की बाकीच्या विश्रांती संपवून उठतात. तिला विश्रांतीच मिळत नाही. पहिल्या वेळी जाऊबाईंचं हेच झालं होतं. प्रत्येक थांब्यावर माणसं मोजा.

दोन्ही बाजूंनी उतार असेल तिथे वाटेच्या मध्यातून चालायचं, बोलणं आणि फोटो थांबून. घसाऱ्यावर गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकायची. हातात काठी बरी. दगड सुटला तर खालच्यांना लगेच ओरडून सांगायचं. शिडीवर एका वेळी एकीनेच चढायचं, तोंड शिडीकडे, उतरतानाही. दोन हात आणि दोन पाय यातले तीन कायम टेकलेले, एकच हलवायचा.

वाट चुकली असं वाटलं तर थांबा आणि शेवटची ओळखीची खूण होती तिथपर्यंत मागे या. कोरडा ओढा दिसला म्हणून त्यातून खाली उतरू नका. सह्याद्रीतले ओढे मधेच कड्यावरून कोसळतात. खाली उतरता येत नाही आणि पुन्हा वर चढताही येत नाही.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. त्या माणसाला हलू द्यायचं नाही, हाताला किंवा पायाला काठीचा आधार द्यायचा, धीर द्यायचा आणि उचलून लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. कोणी उन्हाने तापली आणि असंबद्ध बोलायला लागली तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटासाठी ११२.

आणि घरी राहिलेल्या मैत्रिणीचं काम? तिच्याकडे एक कागद ठेवायचा: सगळ्यांची नावं, घरचे फोन, गाडीचा नंबर, कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परत येणार. "पाच वाजेपर्यंत फोन आला नाही तर माहुली गावात फोन कर, सहापर्यंत पत्ता नसेल तर ११२ला." डोंगरात फोनला रेंज असेलच असं नाही. आपल्याला शोधायला कोणी निघायला हवं तर आपण हरवलोय हे कोणाला तरी कळलं पाहिजे.

मागे फिरण्याबद्दल

आता त्या चेष्टेकडे येते. माहुलीचा इतिहास वाचला तेव्हा माझ्या मनातली ती सल गेली. १६३६ साली शहाजीराजे या गडावर वेढ्यात अडकले होते. जिजाऊ आणि लहानगे शिवबा तेव्हा इथेच होते असं सांगतात. पुढे १६६५च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात माहुली होती. १६७०च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी तिच्यावर हल्ला केला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता, हल्ला फसला, माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. म्हणजे जिथून महाराजांच्या मावळ्यांनाही एकदा परतावं लागलं, तिथून आम्ही परतलो.

दुसरी गोष्ट जपानची. जुन्को ताबेई नावाच्या बाईंनी १९६९ साली बायकांचा गिर्यारोहण गट काढला. लोक म्हणाले, घरी बसून मुलं सांभाळा. पैसे कमी म्हणून त्यांनी गाडीच्या सीटच्या कव्हरांपासून हातमोजे शिवले. १६ मे १९७५ रोजी त्या एव्हरेस्टवर पोचल्या, जगातली पहिली बाई. घरी तेव्हा त्यांची लहान मुलगी होती. आपल्या महाराष्ट्रातली कृष्णा पाटील २००९ साली एव्हरेस्टवर गेली तेव्हा १९ वर्षांची होती.

आम्हाला एव्हरेस्टला जायचं नाही. पण दुसऱ्या खेपेला, जानेवारीत, सकाळी दहा वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही शिडी चढून वर आलो. जाऊबाई वाटाड्याच्या मागे दुसऱ्या होत्या. पडक्या महादरवाज्यात, पहारेकऱ्यांच्या देवड्यांत बसून आम्ही भाकरी खाल्ली. खाली तानशाचं पाणी चमकत होतं. जाऊबाई बराच वेळ हायवेच्या दिशेला बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं आपण त्या रस्त्यावरून इकडे बघत होतो. आज पहिल्यांदा इकडून रस्ता बघतेय."

बारा वाजता मी वही काढली. कोणी काही बोललं नाही, सगळ्या उठल्या.

पुढच्या वर्षी कळसूबाईला जायचं आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, आणि वर देवीचं ठाणं. वहीत पान मोकळं ठेवलं आहे. तुमच्या गटातही वही असेलच. येत्या बैठकीत हप्ते लिहून झाले की एक पान उलटा, आणि सगळ्यात आधी परतीची वेळ लिहा.